काकीची शिकार

दोन हजार अकराच्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा आमची काकी पुण्याहून जपानात हिगाशी-कसाईला आमच्याकडे राहायला आली. माझ्या शब्दावर तिचा काडीचाही विश्वास नाही, आणि त्यात चूक तिची नाही.

एका रविवारी तिला डोंगरातल्या एका गावी नेलं. तिथे पाहुण्यांची करमणूक म्हणजे बागेत शिरून स्वतःच्या हाताने फळं तोडून खायची. बायकोने फाटकावरची पाटी मोठ्याने वाचली, "काकी-गारी."

"म्हणजे काय रे?" काकीने मला विचारलं.

"काकीची शिकार. इथे काकी म्हणजे टेंभुर्णीसारखं फळ, आणि तोडण्याला हे लोक शिकार म्हणतात."

"मार थापा!"

तेवढ्यात तलवारीएवढी कात्री घेऊन बागेचे आजोबा आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "काकी? काकी?"

काकी झटकन बायकोच्या मागे लपली. "ह्याला आपलं नातं कुणी सांगितलं?"

आजोबांनी एका झाडापुढे हातांची फुली केली. "शिबुई काकी!"

"आता काय म्हणाला?"

"तुरट काकी. ती फळं वाळवूनच खातात. तू तोंड लावू नकोस."

"तुरट तो म्हणाला, की तूच म्हणतोयस?" असं म्हणत तिने त्याच झाडाचं फळ तोडलं आणि कचकन चावलं.

तोंड असं आवळलं, की दोन्ही कान नाकापाशी भेटायला निघाले. अर्धा तास काकी गप्प! पुण्यात सांगितलं तर कुणी मानणार नाही. जीभ सुटल्यावर ती म्हणाली, "मेल्या, खरं बोलणार असशील तेव्हा आधी सांगत जा!"