अर्धा कॅन

हे मी माझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतेय — मलाच नीट कळत नाही.

आमच्या ह्यांचं बीपी चाळिशीच्या आतच चढायला लागलं. मधेच पांढरेफटक पडायचे, छातीत धडधड, घामानं बनियन भिजायचं. तीन-तीन गोळ्यांनी उतरेना. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून हार्मोन जास्त सुटत असेल, तपासून बघू. त्यासाठी चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवायची — थोडीही वाया घालवायची नाही, असं बजावलं होतं. हे टेम्पो उभा करून दिवसभर घरी बसले.

आणि नेमकं त्याच दिवशी माझं हळदीकुंकू. टापटिपीसाठी आमच्या गल्लीत माझं नाव! बायका हातपाय धुवायला मोरीत जाणार, आणि तिथं हा कॅन? लाज वाटली, दुसरं काय. मागच्या दारी न्यायला म्हणून उचलला. झाकण सैल होतं — निम्म्याहून जास्त मोरीत गेलं.

सांगायला हवं होतं ना? हे चिडले असते म्हणून नाही सांगितलं — छे, खोटं कशाला बोलू. हे चिडले नसते. मलाच कमीपणा नको होता. मग मी — कसं लिहू हे — संध्याकाळपर्यंत तो कॅन माझ्या लघवीनं भरून काढला. आणि हात धुऊन वाण वाटायला बसले.

रिपोर्ट नॉर्मल आला. ह्यांनी कापूरहोळच्या गॅरेजवर पेढे वाटले. डॉक्टरांनी ग्रंथीचा विषय सोडला, गोळ्या वाढवल्या. तेव्हाही मी बोलू शकले असते. नंतरही, कितीदा तरी.

गेल्या वर्षी हे जेवताना ताटावरच कलंडले. अर्धांगवायू. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा केली. ग्रंथीवर गाठ निघाली, ती काढली. बीपी आता ठीक आहे. उजवा हात मात्र गेला तो गेलाच, बोलणंही अडखळतं. मी घास भरवते तेव्हा हे इतक्या मायेनं बघतात, की धरणीनं पोटात घ्यावं असं वाटतं. काय करू? आता सांगून तो हात थोडाच हलणार आहे?

कुणी भेटायला आलं की हे सांगायला लागतात, "तवाच घावलं असतं... पर त्या लॅबवाल्यानं..." पुढचं जिभेवर येत नाही. मग माझ्याकडे बघतात.

"घोळ केला," मी म्हणते.