चमचाभर पाण्याचा ट्रिगर

एका रविवारी माझ्या बायकोनं रायफल खांद्याला लावली, ट्रिगरवर बोट ठेवलं आणि दाबलं. ट्रिगर सुटला नाही. तिनं रायफल खाली घेतली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची बंदूक आज हट्टाला पेटलीय."

रायफल तिची होती. पण तिचा ट्रिगर नीट ठेवणं हे माझं काम, म्हणून तो बिघडला की ती 'तुमची बंदूक' व्हायची. मी कॉलेजात मराठी शिकवतो. ती महाप्याच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायची. माहेर उरणकडच्या कोळीवाड्यातलं. लहानपणी गावच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या स्टॉलवर तिला दुसऱ्यांदा बंदूक देत नसत, असं ती सांगायची. खरं असावं. चाळिशी ओलांडल्यावर कोपरखैरण्यातच, आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, एका शाळेच्या तळमजल्यावर एअर रायफलची रेंज असल्याचं तिला कळलं. त्याच संध्याकाळी ती नाव घालून आली.

रायफल जुनी घेतली होती. आधीच्या मालकानं तिच्या ट्रिगरला एक जाड स्प्रिंग बसवून घेतली होती, का ते कुणालाच ठाऊक नाही. रेंजवरच्या सरांनी पहिल्यांदा तो दाबून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, हा ट्रिगर आहे की बैलगाडीचा ब्रेक?"

जड ट्रिगरनं काय बिघडतं ते सरांनी आम्हाला समजावून सांगितलं होतं. बोटाला जोर करावा लागला की तळहात आवळतो, मनगट आवळतं, आणि नेम नेमका शेवटच्या क्षणी हलतो. "बोटाला कळलं पाहिजे, हाताला कळता कामा नये," असं ते म्हणायचे. ट्रिगर आधी थोडा मोकळा मागे येतो, मग एका जागी अडतो. त्या अडण्याच्या जागेला मी घरी 'भिंत' म्हणू लागलो आणि तिला तो शब्द आवडला; पुढे सरही तोच वापरू लागले. भिंतीपर्यंत यायचं, थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि मग अगदी सावकाश भिंतीला टेकायचं. भिंत आपोआप सुटते.

सरांनी जाड स्प्रिंग काढून साधी बसवली. पुढचं बारीक काम एका छोट्या स्क्रूचं होतं. ते मी पुस्तिका वाचून शिकलो. ट्रिगर किती जड आहे हे मोजायची रीत मात्र तिची. रिकामी रायफल सरावाच्या खटक्यावर, म्हणजे हवा न सुटता नुसता ट्रिगर चालेल अशी, लावायची, नळी छताकडे करून उभी धरायची, ट्रिगरला तारेच्या आकड्यानं प्लास्टिकची बाटली अडकवायची आणि तिच्यात चमच्यानं पाणी ओतत राहायचं. ट्रिगर सुटला की टक् असा आवाज येतो. बाटलीत जेवढं पाणी, तेवढं ट्रिगरचं वजन.

"चला मास्तर, बंदुकीला पाणी पाजू," ती म्हणायची. सुरुवातीला अर्धी बाटली लागायची. नंतर कपभर पाण्यात काम होऊ लागलं, आणि तिचे छर्रे काळ्या वर्तुळात एकमेकांना बिलगून बसू लागले.

त्या रविवारी मला वाटलं, धूळ गेली असेल. खाडीच्या हवेत आमच्याकडे कात्रीसुद्धा गंजते. मी ट्रिगर पुसला, तेलाचा थेंब सोडला, स्क्रू जरासा सैल केला. ती म्हणाली, "आता कसा शहाण्यासारखा वागतो." पंधरवडाभर सगळं ठीक होतं. मग पुन्हा तेच. पुन्हा मी स्क्रू फिरवला. आम्ही पावसाळी हवेला दोष दिला, तेलाला दिला. ती आधीच्या मालकाला दोष द्यायची. "त्या बाबानं बंदुकीत जीव ठेवून विकलीय. रात्रीचा येऊन स्क्रू आवळून जातो."

असं तीन-चार वेळा झालं. दर वेळी ती सांगायची आणि मी स्क्रू फिरवायचो. एकदा मात्र स्क्रूला हात लावण्याआधी मोजून पाहावं, असं मला वाटलं. ती समोर खुर्चीत बसली होती. मी बाटली अडकवली, पाणी ओतू लागलो आणि लगेच टक् झालं. बाटलीच्या तळाशी जेमतेम चार चमचे पाणी होतं.

"परत करा," ती म्हणाली.

परत केलं. तेवढंच पाणी. मी म्हटलं, आकडा सरकत असेल.

तिनं बाटली काढली, रायफल मांडीवर घेतली आणि ट्रिगरवर बोट ठेवलं. नखाखालचं रक्त गेलं आणि नख पांढरं झालं. ट्रिगर भिंतीशी येऊन थांबला होता. ती दाबत राहिली. मग बोट काढून तिनं ते उजेडात धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं.

"म्हंजे बंदुकीचं काय नाय," ती म्हणाली.

माहेरची बोली तिच्या तोंडी फक्त थट्टेत किंवा भांडणात यायची. तेव्हा ती थट्टा करत नव्हती.

मग एकेक गोष्ट तिला आठवू लागली. गॅसचा लायटर ती महिन्याभरापासून माझ्या हातात देत होती. कपड्यांचे चिमटे दोन्ही हातांनी उघडत होती. कोलंबी सोललेली आणत होती, आणि सोललेली कोलंबी म्हणजे तिच्या मते कोळणीला लाज. तिनं हे सगळं आश्चर्यानं सांगितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

डॉक्टरांनी तिला त्यांची दोन बोटं दाबायला सांगितली. नंतर बऱ्याच तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच एकेक करून विझत जातात आणि त्यावर उपाय नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. आमच्या सोसायटीच्या गेटाशी रिक्षातून उतरल्यावर ती म्हणाली, "मला एकदा रेंजवर शॉट मारायचाय. माझी मी. तुमी बोटाला बोट लावायचं नाय."

आधी मला ही साधी गोष्ट वाटली. रायफल स्टँडवर ठेवायची, तिनं खुर्चीवर बसायचं, ट्रिगर हलका करायचा. मी हलका केला आणि रायफल घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी ती रिकामी असल्याची खात्री केली आणि दस्ता गादीवर जरा आपटला. ट्रिगर आपोआप सुटला.

"दादा, हे सेफ नाही," सर म्हणाले. "नुसत्या धक्क्यानं सुटतोय. मी रेंजवर लोड नाही करू देणार. मॅडमसाठीसुद्धा नाही."

ते बरोबर होते. धक्क्याला सुटणार नाही इतका ट्रिगर जड हवा होता आणि तिच्या बोटाला सुटेल इतका हलका. त्या दोन्हींच्या मधे एक जागा होती आणि ती रोज अरुंद होत होती. मी संध्याकाळी कॉलेजातून येऊन स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे करायचो. दस्ता गादीवर आपटायचो. सुटला नाही तर रायफल तिच्यापुढे धरायचो. ती बोट ठेवायची. कधी सुटायचा, बहुतेकदा नाही. "राहू द्या आज," ती म्हणायची, "तुमच्या विद्यार्थ्यांचे पेपर तपासा. त्यांची शुद्धलेखनं माझ्यापेक्षा गंभीर आहेत."

शेवटी एक जागा सापडली. बाटली अडकवून मी चमच्यानं पाणी सोडलं. पहिला चमचा रिकामा होता होता टक् झालं. दस्ता आपटला तर सुटत नव्हता. तिच्या बोटाला सुटत होता. मी सरांना फोन केला आणि ते म्हणाले, "उद्या दुपारी या. रेंज रिकामी असते."

दुसऱ्या दिवशी सरांनी रायफल आपटून पाहिली, तळहातानं बाजूनं थापटून पाहिली, मग ती स्टँडवर ठेवून स्वतःच छर्रा घातला. तिला खुर्चीवर बसवलं. गाल दस्त्याला टेकवण्यापुरती मान तेव्हा तिला हलवता येत होती. बोट तिनं डाव्या हाताच्या आधारानं ट्रिगरपर्यंत नेलं आणि मग डावा हात काढून घेतला.

"मॅडम, घाई नाही," सर म्हणाले. "भिंतीपर्यंत या. थांबा."

मी तिच्या मागे उभा होतो. माझे हात मी पाठीमागे धरले होते, तसा तिचा हुकूम होता. मला तिचा खांदा, अंबाडा आणि बोटाचं टोक दिसत होतं. बोट हलत नव्हतं. बाहेर शाळेची मधली सुट्टी झाली, मुलांचा गलका उठला आणि विरला. बोट तिथंच होतं. मी पुढे व्हावं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी आवाज झाला.

सरांनी कागद ओढून आणला. काळ्या वर्तुळाच्या बाहेर, पांढऱ्या कोपऱ्याजवळ भोक होतं.

"लागला ना कागदाला?" ती म्हणाली. "फुगा असता तर फुटला असता."

"मॅडम, एवढा मोठा फुगा कुठल्या जत्रेत मिळतो?"

"आमच्या उरनला या. दाखवते."

ती हसली, सर हसले. मग सर रायफलींत हवा भरायचा कॉम्प्रेसर बघायचं निमित्त काढून आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तोवर तिची सगळी बोटं निजली होती. डोळे शेवटपर्यंत जागे होते.

आता मला बटणं दाबताना त्यांचं वजन कळतं. लिफ्टचं बटण तिला अमुक महिन्यापर्यंत जमलं असतं, बेलचं त्याच्या पुढेही. लायटर नाही. काडेपेटी कदाचित. हॉलच्या भिंतीवर सरावासाठी चिकटवलेला काळा ठिपका आहे, त्याच्याकडे पाठ करून मी जेवतो. कधी जेवताना कपाटातून टक् ऐकू येतं. लाकूड आकसत असणार, हे मला समजतं. तरी मी उठतो, कपाट उघडतो. ट्रिगर जागच्या जागी असतो.

काही दिवसांपूर्वी सर घरी आले. रेंजवर एक बाई नव्यानं येतात, त्यांना रायफल हवी आहे, म्हणाले. "नुसती पडून राहिली की आतली रबरी सीलं खराब होतात, दादा. ट्रिगरचं मी बघतो, पाच मिनिटांचं काम." त्यांनी खिशातून स्क्रू फिरवायची ॲलन की काढून टेबलावर ठेवली. मला पटलं. वस्तू वापरात राहावी, हे तीही म्हणाली असती. मी रायफल काढली, ती ॲलन की उचलली आणि स्क्रूच्या खाचेत बसवली. फिरवायची कुठल्या बाजूला हेही मला पाठ होतं.

त्या बाजूला केसभर जरी फिरली असती, तरी तिच्या बोटाला तो ट्रिगर सुटला नसता.

मी ॲलन की काढून सरांना परत दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि चहात साखर कमी आहे का असं मी विचारल्यावर नाही म्हणाले. जाताना चपला घालत ते म्हणाले, "निदान महिन्यातून एकदा पुसत जा." मी पुसतो.

रायफल कपाटात आहे, रिकामी. बाटली आणि तारेचा आकडा तिच्याशेजारी आहेत. ट्रिगर अजून चमचाभर पाण्याला सुटतो.