दादाच्या फाइलमधली पंचवीस मिनिटं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये पोटाला पट्टा बांधत होते. "सुमा, हे गेले गं..." एवढंच त्या म्हणाल्या. महिन्याभरापूर्वी माझ्या यकृताचा मोठा तुकडा काढून माझ्या भावाला, अरुणदादाला, बसवला होता. रडू मला नंतर आलं. आधी आला तो संशय. कुणीतरी आपल्यापासून काहीतरी लपवतंय, असं वाटलं, आणि ते पुढे बरेच दिवस गेलं नाही.

संशय हा खरं तर दादाचा प्रांत. वाईहून नोकरीसाठी चंडीगडला आलेला दादा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर मोजमापाची यंत्रं तपासत राहिला. भाजीवाल्याचा काटा, रिक्षाचा मीटर, डॉक्टरांचा बीपीचा पट्टा, कशावरच त्याचा चटकन विश्वास बसायचा नाही. पण त्याचा राग यायचा नाही, कारण स्वतःच्या यंत्रांवरही तो तेवढाच संशय घ्यायचा. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या या माणसाचं यकृत एका जुन्या आजारानं निकामी होत गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर गुरलीन आम्हाला भेटायला आल्या. यकृत बिघडलं की रक्त नीट गोठत नाही, ऑपरेशनमध्ये ते झिरपत राहतं, म्हणून रक्तस्राव कमी करणारं औषध द्यावं लागू शकतं, असं त्यांनी समजावलं. त्यात एक भीतीही होती. नव्या यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊ शकते. दादानं विचारलं, "सबको देते हो, या देखकर?"

"देखकर, अंकल जी. मशीन पर खून का ग्राफ आता है. पक्का."

त्या गेल्यावर दादा मला म्हणाला, "बाई बरी आहे, सुमे. उलट विचारलं तरी चिडली नाही."

ऑपरेशनमध्ये रक्त फार गेलं नाही. सहाव्या दिवशी मात्र नेमकी त्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली. पुन्हा पोट उघडून ती काढली, पण यकृत सावरलं नाही आणि दुसरं मिळालं नाही. तेरावा झाल्यावर मी फाइलची नक्कल मागवली. औषध दिल्याची वेळ होती एक वीस. ग्राफवर छापलेली वेळ एक पंचेचाळीस. म्हणजे ग्राफ यायच्या आधीच औषध दिलं होतं! मी तडक हॉस्पिटल गाठलं आणि डॉक्टर गुरलीनसमोर तो कागद ठेवला. "आपने बिना देखे दी."

त्यांनी कागद पाहिला आणि मला ग्राफच्या यंत्राकडे घेऊन गेल्या. माझ्या मोबाइलवर सव्वाअकरा वाजले होते, यंत्रावर अकरा पन्नास. पस्तीस मिनिटं पुढे. "ही आमची चूक," असं त्या हिंदीतच स्पष्ट म्हणाल्या. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी विचारलं, हे घड्याळ कालच कुणी पुढे केलं नाही कशावरून? नमुने आल्याच्या वेळा हातानं लिहिलेली वही त्यांनी मागवली. ऑपरेशनच्या आठवड्यातल्या प्रत्येक नमुन्याची वेळ यंत्रात वहीपेक्षा तेवढीच पुढे होती. दादाचा ग्राफ खरा एक दहाचा होता. औषधाच्या आधीचा.

"क्लॉट उस दवाई से ही हुआ क्या?" मी विचारलं.

"पता नहीं," त्या म्हणाल्या. "न देती तो शायद टेबल पर ही चले जाते. पर सोचती मैं भी रोज़ हूँ."

मग जो प्रश्न मी नवऱ्यालाही विचारला नव्हता तो तोंडातून निघाला. "मेरा हिस्सा ख़राब था क्या?"

"नहीं, दीदी. टेबल पर ही उसमें से पित्त आने लगा था. सुनहरा. मतलब काम कर रहा था. हम सबने देखा."

संध्याकाळी दादाच्या घरी गेले. त्याच्या खोलीत खिडकीशी दोन तापमापक टांगलेले आहेत. एकावर भरवसा नको म्हणून दुसरा. थंडीत दोन्ही वाचूनच तो स्वेटर घालायचा. आता वहिनी रोज सकाळी दोन्ही वाचतात. मी त्यांना पित्ताचं सांगितलं.

"डॉक्टरांनी आपणहून सांगितलं, की तू विचारलंस?"

"मी विचारलं, वहिनी."

"मग खरं असेल. न विचारता कुणी सांगितलेल्यावर ह्यांचाही भरवसा नसायचा," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.