मावशीची टकटक

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरचा तो जिना इतका अरुंद होता, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं हवा भरायच्या पंपाला खेटून उभं राहायचं. सिस्टर पहिल्यांदा आली तेव्हा वरून ड्रायव्हरकाका उतरत होते. हॉस्पिटलचा पांढरा गणवेश पाहून त्यांनी विचारलं, "टकटक मावशींकडे का? जा, जा. घाबरू नका. चावत नाहीत. नुसत्या टोचतात!"

आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ते गेले.

सिस्टर घाबरलेलीच होती. वॉर्डात ती वाघीण. सलाइनची सुई एका दमात लावणारी, रात्रपाळीत अख्खा वॉर्ड एकटीनं सांभाळणारी. पण मोठ्या डॉक्टरांची फेरी आली आणि कुणी इंग्रजीत काही विचारलं, की वाघिणीची पार गोगलगाय व्हायची. आता वॉर्डप्रमुखाची जागा निघाली होती. दिवसपाळी, कायमची. मुलाखत मात्र इंग्रजीत. सिस्टरला खुर्चीची हाव नव्हती. तिची लेक रोज संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या दारात उशी काखेत धरून उभी राहायची आणि विचारायची, "आई, आज रात्री माझ्याजवळ कोण?" ते ऐकायचं आता तिच्या जिवावर आलं होतं.

मावशींची इंग्रजीच्या शिकवणीची खोली एकच, पण लख्ख. एक लांब टेबल, चार न जुळणाऱ्या खुर्च्या, कोपऱ्यात काळा जाडजूड टेलिफोन. मावशी मात्र टेबलाशी नव्हत्याच. विद्यार्थ्यांकडे पाठ करून, खिडकीशी बसून त्या मटार सोलत होत्या.

"बोल," त्या न वळताच म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काम काय करतेस ते. इंग्रजीत."

सिस्टरनं सुरुवात केली. "आय ॲम वर्किंग इन धिस हॉस्पिटल सिन्स मेनी..."

टक्! मावशींच्या हातात कुठून पेन्सिल आली कुणास ठाऊक. खिडकीच्या चौकटीवर तिचं बूड वाजलं होतं.

"चुकलं का?"

"मला कशाला विचारतेस? पुन्हा म्हण. स्वतः ऐक."

पुन्हा म्हटलं. टक्! पुन्हा. टक्! शेजारी बसलेली शिवणवाली ताई गालातल्या गालात हसत होती. सिस्टरची कानशिलं तापली. पाचव्यांदा का सहाव्यांदा तिलाच ते वाक्य लंगडताना ऐकू आलं. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखं. "आय हॅव बीन वर्किंग... फॉर मेनी इयर्स?"

टकटक नाही. फक्त मटाराची शेंग फुटल्याचा आवाज.

"आता का ते ऐक," मावशी म्हणाल्या. "सिन्स म्हणजे खिळा. कुठे ठोकलास ते सांगायचं. फॉर म्हणजे दोरी. किती लांब ते सांगायचं. तू दोरी दाखवत होतीस आणि खिळा म्हणत होतीस."

इतकी वर्षं शाळेत जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते मटार सोलता सोलता शिरलं! जिना उतरताना सिस्टर खिळा, दोरी, खिळा, दोरी असं पुटपुटत होती. सायकलवाला म्हणाला, "ताई, हार्डवेअरचं दुकान पुढच्या गल्लीत."

मावशींनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला होता. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची भिंत, हातात वायरी. ज्यांना जोडून दिलं त्यातलं एकही तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. म्हणूनच त्या पाठमोऱ्या बसायच्या. "चेहरा दिसला की कान आळशी होतात," असं त्यांचं म्हणणं.

आणि तो कान! सिस्टरला हळूहळू कळलं की टकटक चुकीनंतर येतच नाही. चूक तोंडातून बाहेर पडण्याआधी श्वास जरासा अडखळतो, तिथेच ती येते. म्हणजे या बाईला चूक होण्याआधीच ऐकू येत होती. सिस्टरनं एकदा मुद्दाम परीक्षा पाहिली. बरोबर वाक्य म्हणता म्हणता मनात म्हटलं, आता चुकवते. टक्! अजून चुकलंच नव्हतं. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. छातीला नळी लावून हृदय ऐकणारे डॉक्टर तिनं पाहिले होते. इथे नळीसुद्धा नव्हती.

ड्रायव्हरकाकांना मात्र काटाबिटा येत नसे. "द पॅसेंजर डिड नॉट केम," ते ठणकावून सांगायचे. टक्!

"काका, भूतकाळ 'डिड'नं अंगावर घेतला ना? मग 'कम'ला कशाला पुन्हा घालताय? एका अंगात दोन स्वेटर!"

"थंडी असली तर घालतो की, मावशी."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सिस्टर सगळं घडाघडा बोलली. एकदाही टकटक झाली नाही. मावशींनी पाठमोरीच मान डोलवली, आणि सिस्टरला वाटलं, झालं, जिंकलं.

दुसऱ्या दिवशी मुलाखतीच्या खोलीत दोघंच होते. ओळखीच्या मेट्रनबाई, आणि हातात जाड पेन घेतलेले अधीक्षकसाहेब. "टेल अस अबाऊट युवरसेल्फ," मेट्रनबाई मायेनं म्हणाल्या.

"आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर मेनी इयर्स."

टक्.

साहेबांचं पेन टेबलावर वाजलं होतं. सवयच होती त्यांना ती. पण सिस्टरची जीभ जागच्या जागी थिजली. चुकलं? कुठे? "सिन्स मेनी इयर्स," तिनं दुरुस्त केलं.

टक्.

"फ्रॉम मेनी इयर्स."

टक्, टक्.

"आय वॉज... आय ॲम बीन..."

बरोबर वाक्याची तिनं तिथल्या तिथे खांडोळी केली. मेट्रनबाईंच्या भुवया वर गेल्या. साहेब छताचा पंखा बघत होते, आणि पेन आपलं वाजतच होतं. डोळ्यांपुढे दारातली लेक आली, काखेतल्या उशीसकट.

मग तिनं तेच केलं जे मावशी करायच्या. समोरचे चेहरे सोडले, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. टक्. टक्. टक्. ती गप्प असतानाही टक्! श्वास नाही, अडखळणं नाही, तरी टक्. मावशींची टकटक तिचं बोट धरून यायची. ही तर गळक्या नळासारखी कुणासाठीच नव्हती. या हाताला कान नव्हता.

तिनं डोळे उघडले. "सर, प्लीज स्टॉप दॅट पेन. आय कॅनॉट हिअर मायसेल्फ."

साहेबांनी पेनाकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या हातात सापडलंय. मग त्यांनी ते मुकाट्यानं खिशात ठेवलं. मेट्रनबाईंनी तोंडावर रुमाल धरला. आणि सिस्टर बोलू लागली. वॉर्डाबद्दल, रात्रीच्या पेशंटबद्दल, सुईला घाबरणाऱ्या धिप्पाड माणसांबद्दल.

दुपारी तिनं हे मावशींना सांगितलं तेव्हा ड्रायव्हरकाका हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. मावशी मात्र हसल्या नाहीत. पहिल्यांदाच त्या वळून बसल्या.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "काठी दिली, पण ती काढून घ्यायची असते, तेच विसरले." पेन्सिल त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली. "आता ती तिथेच राहील."

"मग चुका कोण सांगणार?" शिवणवाली ताई घाबरून म्हणाली.

तेवढ्यात काळा फोन वाजला. सिस्टरच्या घरी फोन नव्हता, म्हणून हॉस्पिटलला तिनं हाच नंबर दिला होता. मावशींनी रिसीव्हर उचलला, एक क्षण ऐकलं आणि तिच्यापुढे धरला. "मेट्रनबाई. इंग्रजीत सुरुवात केलीय त्यांनी. बोल."

सिस्टर बोलली. मावशी खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या बसल्या, बाहेर पाहत राहिल्या. सिस्टरचं सगळं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे. मध्येच कुठेतरी त्या हाताची बोटं पेन्सिल धरल्यासारखी जुळली, चौकटीपाशी वर उचलली गेली... आणि तशीच अलगद मांडीवर उतरली.

सिस्टरनं रिसीव्हर ठेवला आणि सगळ्यांकडे वळली. "मिळाली. सोमवारपासून दिवसपाळी."

काकांनी शिट्टी मारली. सिस्टर मावशींजवळ गेली. "मावशी, एकदा हात उचलला होतात. काय चुकलं माझं?"

"काही नाही."

"सांगा ना!"

"अगं, लाइन जोडली गेली. बोलणं पोचलं. मधली खरखर आम्ही कधी मोजली नाही."

त्या मटाराकडे वळल्या. सिस्टर बघत राहिली. या बाईंना सगळं ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. ऐकूनही सोडून देता येतं, हे तिनं आज पाहिलं होतं.

"एक फोन करू?" तिनं विचारलं, आणि शेजारच्या काकूंचा नंबर फिरवला. पलीकडे लेकच आली, आणि आईचा आवाज ऐकताच नेहमीचं विचारून मोकळी झाली.

"सोमवारपासून मी," सिस्टर म्हणाली. "रोज."