पूर्वेच्या अक्षता

त्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून पुरण वाटलं. म्हणजे वाटलं मी, चुका काढल्या तिनं. तिचा उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता, म्हणून पुरणयंत्राचा दांडा माझ्याकडे आला होता. मी खाली चटईवर, परातीत यंत्र, आणि ती खुर्चीवर बसून डाव्या हातानं वरून डाळ टाकत होती.

"अहो, जोर लावा की जरा. जन्मभर कंपनीत बॉयलर सांभाळलात, आणि वाटीभर डाळ होईना?"

"बॉयलर बरा. तो बोलत नव्हता."

"बोलला असता तर तुम्ही पहिल्याच दिवशी घरी पळून आला असतात."

सगळं वाटून झाल्यावर तिनं पुरणात उलथनं उभं केलं. ते थोडा वेळ थांबलं आणि हळूहळू एका बाजूला कललं.

"सैल आहे. परत गॅसवर ठेवा. याचे दिवे उभे राहायचे नाहीत."

"फ्रीजमध्ये घट्ट होईल."

"होईल? बघा हं."

मी डबा फ्रीजमध्ये ठेवून दिला. मला कंटाळा आला होता.

दिवे कसले ते सांगतो, कारण आता आमच्या बडोद्यात मराठी घरांतही हे कमी झालंय. श्रावणातल्या शुक्रवारी आई जिवती पूजते. जिवती म्हणजे पोरांना राखणारी. बाजारात तिचा छापील कागद मिळतो, मांडीवर, खांद्यावर पोरं असलेली बाई. तो भिंतीला लावायचा. पुरणाचे छोटे दिवे करायचे, त्यांत तुपाची वात, आणि त्या दिव्यांनी पोरांना ओवाळायचं. जी पोरं घरात नाहीत त्यांच्यासाठी आई बाहेर जाऊन चारी दिशांना अक्षता टाकते. पोर जिथं असेल तिथं पोचतात म्हणे.

नियमही असतात. श्रावणभर हिरवं नेसायचं नाही, हिरव्या बांगड्या भरायच्या नाहीत. तांदूळ धुतलेलं पाणी ओलांडायचं नाही. कारल्याच्या वेलाखालून जायचं नाही. का, ते मला विचारू नका. मी तिला विचारलं होतं, ती म्हणाली, "कहाणीत आहे." संपलं.

निजामपुऱ्यातल्या आमच्या घराशेजारी एक गुजराती बेन राहते. तिनं वर्षानुवर्षं दोन घरांमधल्या बोळावर तारा बांधून कारल्याचा वेल चढवलाय. आमचं यायचं-जायचं त्याच बोळातून. तर श्रावण लागला की आमची ही मागच्या दारानं निघून, सगळ्या सोसायटीला वळसा घालून रस्त्याला लागायची. हातात भाजीच्या पिशव्या असल्या तरी. एकदा बेननं हात जोडून विचारलं, "बेन, आ कारेलां तमने शुं नडे छे?" कारल्यांची अडचण काय ते हिनं सगळं समजावून सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. बेनला काय कळलं देव जाणे, पण तेव्हापासून श्रावणात ती आपल्या घरची पहिली कारली आम्हाला देताना म्हणायची, "खावानी तो छूट छे ने?" खायची सूट होती. आम्ही खायचो.

पोरं लहान होती तेव्हा शुक्रवारी सकाळी नुसता गोंधळ. दोन पाट मांडलेले, दोघं शाळेच्या गणवेशात, ही तबक घेऊन उभी. ओवाळून झालं की दिवा विझवून खायचा. मुलगा वात विझायची वाट न बघता तोंड पुढे करायचा.

"आई, तिचा दिवा मोठा आहे."

"मोठा नाही, बसका आहे. गप खा."

मग दोघं कपाळाला कुंकू आणि केसांत अक्षता घेऊन शाळेत जायची. मुलगा कोपऱ्यावर गेला की रुमालानं कपाळ पुसायचा, वर्गातली गुजराती पोरं हसतात म्हणून. मुलगी पुसायची नाही, उलट त्याची चहाडी करायची. ही म्हणायची, "पुसू दे. मी लावलं ते लावलं." दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करायची, उत्तरायणाला आमच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, अख्ख्या गल्लीची पोरं पतंग घेऊन चढायची, खाली ही तिळाचे लाडू वळत बसायची. पण ते सण सगळ्यांचे. जिवती तिची एकटीची होती.

पोरं मोठी झाली आणि घरातून गेली, तेव्हा ओवाळणं संपलं आणि अक्षता सुरू झाल्या, असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. पोरं पाटावर बसलेली असायची तेव्हाही ती त्यांना ओवाळून झालं की धाब्यावर जायची आणि पूर्वेकडे एक मूठ टाकायची. नुसती पूर्वेकडे. मुलीनं एकदा जिन्यातून विचारलं होतं, "आई, तिकडे कोण?" ही म्हणाली, "दिशा आहे म्हणून टाकते."

तिकडे आमचा पहिला मुलगा होता.

तेव्हा आम्ही फतेगंजला एका खोलीत राहायचो. मुलगा झाला, बारशाची तयारी चालली होती, पाळणा सांगून ठेवला होता. त्याला ताप आला आणि बारशाच्या आधीच तो गेला. नावही ठेवलं नव्हतं. एवढ्या लहान पोराला जाळत नाहीत. शेजारचे एक म्हातारे काका आणि मी त्याला दुपट्यात गुंडाळून नदीकाठी घेऊन गेलो. ती जागा तिथूनही आणि आमच्या आताच्या घरापासूनही पूर्वेला येते.

त्या साली श्रावणात तिनं जिवतीचा कागद लावला तेव्हा मी म्हणालो, "झोपली होती का तुझी जिवती?" आजही कुणी मला विचारलं तर मी हेच म्हणेन. मला देवाचं काही कळत नाही, मी पाचवी शिकलेला माणूस. तिनं कागदाचे कोपरे खळीनं चिकटवले आणि तिथल्या धाब्यावर गेली. मी मागून गेलो, पाऊस होता म्हणून छत्री घेऊन. तिनं पूर्वेकडे अक्षता टाकल्या, ओठ हलले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पुढे दर वर्षी मी छत्री घेऊन मागे उभा राहिलो, आणि ते मला कधीच ऐकू आलं नाही.

पुढच्या दोघांना तिनं हे सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. जित्या पोरांना ओवाळताना गेलेल्याचा विषय काढायचा नाही, असं तिचं म्हणणं. ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली. माझे आईवडील गेले, ते काका गेले. राहिलो आम्ही दोघं. त्या पोराविषयी आम्ही कधी बोलायचो नाही. बोलायला लागतच नव्हतं, ती मूठ टाकायची आणि मी छत्री धरायचो. आता बोलायचं म्हटलं तरी कुणाशी?

मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, म्हणजे दक्षिणेला. मुलगा कॅनडाला गेला तेव्हा मात्र घरात भांडण झालं. मी म्हणालो परदेश म्हणजे पश्चिम. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, विमान उत्तरेकडून वळून जातं." ही म्हणाली, "तुमचं दोघांचं ठरेपर्यंत पोराच्या डोक्यावर काही पडणार नाही." आणि तिनं दोन्हीकडे टाकायला सुरुवात केली. अशा चार दिशा भरल्या.

तर त्या गुरुवारी, पुरणाचा डबा ठेवून मी हात धूत होतो तेव्हा ती म्हणाली, "उद्या अक्षता तुम्ही टाकाल का? माझा हात काही वर होत नाही."

"मी? बायकांचं काम ते."

"तीन बाजूंच्या टाका. पूर्वेची मी टाकीन, जमेल तशी."

"बघू," मी म्हणालो.

तिनं तांदळाला कुंकू लावलं, वाटी भरली, वर झाकण ठेवलं आणि जिवतीच्या कागदाखाली नेऊन ठेवली. आम्ही जेवलो. कढी जरा आंबट झाली होती, ते मी बोलून दाखवलं. ती आडवी झाली. चहाच्या वेळी मी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर आले, त्यांनी डोळे बघितले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

मुलगी सुरतेहून संध्याकाळच्या आत आली. मुलगा फोनवर रडत म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी थांबू नका," आणि मिळेल त्या विमानात बसतो म्हणाला. सयाजीगंजहून माझी धाकटी भावजय आली. ती या घरात फार नंतर आली, तिला जुनं काही माहीत नाही. बाई कामाची. तिनं सगळं हातात घेतलं, बायकांना सांगून पाणी तापवलं, आणि पिशवीतून नवी हिरवी साडी आणि हिरवा चुडा काढला. आमच्यात सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं नेसवून पाठवतात. मोठ्या मानाचं समजतात.

मी म्हणालो, "हिरवं नको."

"भाऊजी, असं कसं? भाग्याची गेली ती. कुंकवानं गेली."

"श्रावण आहे. ती श्रावणात हिरवं नेसत नाही."

"अहो, ते व्रत जित्या माणसाला. आता कसलं व्रत? लोक काय म्हणतील, साधी हिरवी साडी मिळाली नाही म्हणतील!"

"म्हणू देत."

"तुमचा तरी कधी विश्वास होता का त्यावर?"

खरं होतं. नव्हताच. पण तिचा होता, आणि आता बोलायला ती नव्हती. ज्या पोरांसाठी ती आयुष्यभर वळसे घालत चालली, त्यांचं व्रत शेवटच्या दिवशी आपण मोडायचं? मी एवढं सगळं बोललो नाही. मला असं बोलता येत नाही. मी ती साडी घडी करून भावजयीच्या पिशवीत परत कोंबली आणि कपाटातून हिची लाल साडी काढली, मुलाच्या लग्नातली. मुलगी म्हणाली, "काकू, बाबा म्हणतात ते बरोबर आहे. आईनं श्रावणात मला कधी हिरवा फ्रॉकसुद्धा घातला नाही." भावजयीनं मग लाल बांगड्या कुणाकडून तरी मागवल्या. मनातून ती रागावलीच होती.

हिला बाहेर काढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिरडी मागच्या दारानं वळत नाही. बोळातूनच न्यावी लागणार. वरती वेल, कारली लोंबकळलेली. मी थांबलो. माझ्या मागचे सगळे थांबले. कुणीतरी म्हणालं, "काका, चला ना, अंधार होईल."

तेवढ्यात बेन आपल्या ओट्यावरून खाली उतरली. तिचेही गुडघे गेलेत आता. तिनं सुनेला हाक मारली, आतून पक्कड मागवली, आणि तारा एका बाजूनं कापून टाकल्या. सगळा वेल भिंतीच्या कडेला कोसळला. दोघी सासूसुनांनी तो ओढून बाजूला धरला. वर मोकळं आभाळ झालं.

"लई जाव, भाई," बेन म्हणाली.

आम्ही तिला घेऊन गेलो.

सकाळी मला जाग आली तेव्हा उजाडलं होतं. मुलगी पुढच्या खोलीत जमिनीवर झोपली होती, तोंडावर हात घेऊन, लहानपणी झोपायची तशी. भावजय रात्री घरी गेली होती. भिंतीवर जिवतीचा कागद, खाली झाकलेली वाटी. सुतकात पूजा करत नाहीत, देवाला हात लावत नाहीत, हे मला माहीत आहे. कागदाला मी हात लावला नाही. नुसती वाटी उचलली.

आधी स्वयंपाकघरात गेलो. फ्रीजमधून डबा काढून पुरणाचा एक गोळा घेतला आणि ती करायची तसा अंगठ्यानं मधे खड्डा केला. गोळा ताटलीत बसला, मग पसरला. पुन्हा केला, पुन्हा पसरला. मी हात धुतले आणि धाब्यावर गेलो.

पाऊस नव्हता. छत्री मी सवयीनं उचलली होती, ती जिन्यात ठेवली. दक्षिणेला टाकायची गरज नव्हती, मुलगी खालीच होती. मुलगा विमानात होता, तो कुठल्या दिशेला आहे हे मला कुणीच सांगू शकलं नसतं. मी पश्चिमेला टाकल्या, उत्तरेला टाकल्या, आणि थोड्या सरळ वर फेकल्या. त्या माझ्याच डोक्यावर पडल्या.

मग पूर्वेकडे वळलो. मूठ भरली. ती काय म्हणायची ते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "बाळा, आज मी आहे रे. तुझी आई निघाली आहे, येईल." आणि मूठ टाकली.

मागे जिन्यात पावलं वाजली. मुलगी दारात उभी होती, डोळे सुजलेले. तिनं रिकाम्या हवेकडे बघितलं आणि लहानपणी विचारलं होतं तेच विचारलं.

"बाबा, तिकडे कोण?"

मी म्हणालो, "तुझा मोठा भाऊ."

ती कठड्याला धरून नुसती पूर्वेकडे बघत राहिली. वाटीच्या तळाला थोडे दाणे चिकटले होते. ते मी बोटानं खरवडून काढले, तिला माझ्याकडे वळवलं आणि तिच्या डोक्यावर टाकले. ओवाळायला दिवा नव्हता. पुरण सैलच राहिलं होतं.