दरवेळी नवी ओळख

वीसेक वर्षांपूर्वी गारगोटीच्या एसटीत शेजारी एक बाई बसल्या होत्या. माझी आई सगळं विसरत चालली होती. ती त्यांना सारखं विचारायची, "पावणं, गाव कंचं?" त्या दरवेळी तिच्याकडं पूर्ण वळून हसत सांगायच्या, "बिद्री, मावशी."

मी ओशाळून माफी मागितली.

"अहो, याच आजारावर मी पुण्यात संशोधन करते. मेंदूतल्या पेशी कशानं मरतात, ते शोधते."

"औषध सापडलं?"

"न्हाय अजून. पण मावशींना दरवेळी नवी ओळख झाल्याचा आनंद होतोय की! तो कशाला घालवायचा?"

त्यानंतर मी निवांत मागं टेकून बसलो. बिद्रीला त्या उतरल्या. आई खिडकीतून बघत राहिली आणि समाधानानं म्हणाली, "आपल्यातलीच पोर हाय ती."