आप्पांच्या प्रार्थनेसाठी गिगाबिट

आप्पांच्या आजारातले पहिले चार महिने मी स्विच निवडण्यात घालवले. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कितीही शहाण्यासारखं बोललो तरी कुणाचा गैरसमज नको.

रांजणगावच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळायचं, हे माझं काम. राहायला शिरूरला. आप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून रिटायर होऊन दौंडला एकटेच राहायचे. आई गेल्यावर किती मिनतवाऱ्या केल्या, पण दौंड सोडायला तयार नाहीत. "माझं चर्च हितं हाय, माणसं हितं हायती. शिरूरला येऊन मी काय तुझा राउटर राखत बसू?" म्हणायचे. मग तोडगा असा निघाला, की दर रविवारी संध्याकाळी सात वाजता घरची प्रार्थना व्हिडिओ कॉलवर करायची. तिकडं टेबलापाशी ते, इकडं मी, बायको आणि मुलगी.

आमच्याकडं प्रार्थना वडीलधाऱ्यानं सांगायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटायचे. आप्पांची प्रार्थना लांबलचक. नातीच्या परीक्षेपासून सुरू व्हायची, मग शेजारची म्हातारी, दवाखान्यातली माणसं, प्रवासातली माणसं, आणि ड्युटीवरचे ड्रायव्हर-गार्ड तर कधी सुटायचे नाहीत. मुलगी चुळबुळ करायची. मलाही कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण त्या माणसाला आठवडाभरात पोटभर बोलायला मिळायचं ते तेवढंच. ते आम्हाला नीट ऐकू यावं, एवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती.

दिवाळीच्या सुमारास तेच बिघडलं. ऐन प्रार्थनेत आवाज तुटायचा. "जे प्रवासात हायती त्यांना..." आणि गप्प. तीन सेकंद, चार सेकंद. मी डोळे उघडून आधी बघायचो ते राउटरच्या दिव्यांकडं. धंद्याची खोड, दुसरं काय! स्क्रीनवर आप्पांचा चेहरा थिजलेला दिसला, की मी ओरडायचो, "आप्पा, लाइन हँग झाली. परत सांगा." ते दचकून बघायचे. "व्हय का? कुठवर आलं हुतं?" आणि बिचारे पहिल्यापासून सुरू करायचे.

दौंडच्या घरात मीच कधीकाळी बसवलेला स्विच होता, म्हणजे एकच लाइन घरातल्या चार मशीनना वाटून देणारी डबी; पाच पोर्टचा, शंभर एमबीपीएसचा. त्यावर टीव्ही, दारावरचा कॅमेरा आणि आप्पांचा कॉम्प्युटर. माझ्या डोक्यानं घेतलं, की गुन्हेगार हाच. आता गिगाबिट टाकायचा, म्हणजे दहापट वेग. कळत का नव्हतं मला? बाहेरून घरात येणारी लाइनच पन्नासची होती. तिला शंभरचा स्विच पुरून उरतो. गिगाबिट लागतो तो घरातल्या घरात एका मशीनवरून दुसऱ्यावर मोठमोठ्या फायली पाठवायला, आणि आप्पा कुणाला फायली पाठवणार? कारखान्यातला आमचा जुना इलेक्ट्रिशियन म्हणालासुद्धा, "साहेब, नळालाच धार बारीक, आन् तुम्ही आतला पाइप मोठा करताय. दुसरंच काय तरी आसंल." मी त्याला चार माणसांत झापलं. आपल्या कामात कुणी बोट घातलं, की मला सहन होत नाही. तोंड आधी सुटतं, अक्कल मागून येते.

कारखान्यात लाइन बंद पडली, की रजिस्टरला नोंद करायची असते. किती वाजता पडली, किती वेळ पडली. तसं एक रजिस्टर मी घरीही सुरू केलं. डोळे मिटून मनात सेकंद मोजायचे आणि प्रार्थना संपली, की लिहून ठेवायचे. वडील देवाशी बोलतायत आणि मी सेकंद मोजतोय, अशी आमची भक्ती.

जानेवारीत सुट्टी काढून गिगाबिट स्विच आणि नवीन केबल घेऊन दौंडला गेलो. आप्पांनी स्वतः बाजारात जाऊन मटण आणून ठेवलं होतं. मी चहा घेतला आणि टेबलाखाली शिरलो. ते मागं खुर्चीवर बसून कुणाच्या तरी लग्नाचं सांगत होते. बोलता बोलता मधेच थांबले. मला वाटलं, मी हुंकार देत नाही म्हणून रुसले असतील. मी मागं वळून बघितलं नाही. हातात केबल होती. आजही तो थांबलेला आवाज मला पाठीवर जाणवतो आणि स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढच्या रविवारी चित्र असं स्वच्छ आलं, की आप्पांच्या शर्टाची उसवलेली शिवण दिसत होती. आणि प्रार्थना पुन्हा तुटली. अकरा सेकंद. मग मी अडीच गिगाबिटच्या स्विचचे भाव काढायला लागलो. आणखी तीन रविवार त्यात गेले. चौथ्या रविवारी आवाज तुटला, तसा मी राउटरकडं वळलो. बायकोनं माझं मनगट धरलं.

"अहो, आज मी डोळे मिटले नव्हते," ती हळूच म्हणाली. "त्यांच्या मागं पंखा फिरतोय बघा."

पंखा गरगर फिरत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान हलत होतं. आप्पा तेवढे थांबले होते. डोळे उघडे आणि त्यात ओळख नाही.

त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला न्यूरोच्या डॉक्टरांकडं नेलं. हातपाय न झाडताही फिट येते, हे मला तिथं कळलं. "हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं. मी पिशवीतून रजिस्टर काढून दिलं. त्यांनी पानं उलटली. तीन, चार, सहा, अकरा. म्हणाले, "इतका नीट रेकॉर्ड कुणी आणत नाही." मग माझ्याकडं बघून, "पण मग आधी का नाही आलात?" लाइन हँग होत होती असं समजलो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

डोक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. लहान असताना सापडली असती, तर सोपं गेलं असतं, एवढंच डॉक्टर बोलले, आणि तेही मीच खोदून विचारलं म्हणून. आप्पा जगले, पण पुष्कळसं गेलं. नातीचं नाव गेलं. आई गेलीय हेही कधी कधी जातं, आणि ते पुन्हा सांगायचं काम माझ्यावर येतं.

आता ते शिरूरला आमच्याकडंच असतात. रविवारी सातला आम्ही एकाच टेबलाशी बसतो. डोळे कुणीच मिटत नाही, मुलगीसुद्धा नाही. प्रार्थना त्यांनीच सांगायची, हे मात्र मी बदलू दिलेलं नाही. दोन-चार वाक्यं होतात. पण सुरू करण्याआधी ते दरवेळी मान पुढं काढतात, टेबलावर वाकतात आणि हातभर अंतरावरून माझ्या तोंडाकडं निरखून बघत विचारतात, "दिसतोय का रं मी?"

"दिसताय, आप्पा," मी म्हणतो.